स्टेट हुकलं म्हणून बँड सोडायचा?

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो. मुलगी दहावीत आहे, सहावीपासून शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. यंदा त्यांचा मार्चिंग बँड, म्हणजे मैदानावर चालत वाजवणारा बँड, एरियाच्या (राज्याच्या आधीच्या फेरीच्या) फायनलला पोचला, पण स्टेट, म्हणजे राज्य पातळीवरची स्पर्धा, दोन क्रमांकांनी हुकलं. त्या रात्री घरी येऊन ती हमसून हमसून रडली आणि आता म्हणते, बँड सोडते. ऑगस्टपासून तीच सात-आठ मिनिटं वाजवत होती, आम्हालाही ती पाठ झाली. दुसरं काही वाजवलेलं मी ऐकलं नाही. माझे यजमान म्हणतात, "सोडू दे. हे संगीत नाही, कवायत आहे. वर जीपीए खाली येतो तो वेगळाच." ते स्वतः कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला उतरलेले आहेत, म्हणून मला आणखीच नवल वाटतं. स्पर्धेमुळे मुलगी संगीत शिकतेय, की स्पर्धेपायी संगीतच मागे पडतंय? सोडू द्यावं का?
— क्लॅरिनेटची आई

उत्तर:

नमस्कार.

आधी उत्तर देते, मग कारणं. नोव्हेंबरात सोडू देऊ नका. मे महिन्यातही तिला सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडू द्या, आणि तेव्हा समजूत घालत बसू नका.

तिच्या रडण्याची मला काळजी वाटली नाही. ऑगस्टच्या टेक्सासी उन्हात, पार्किंग लॉटच्या तापलेल्या डांबरावर, रंगवलेल्या रेघांवरून पावलं मोजत ही मुलं तीन महिने काढतात, आणि एका संध्याकाळी लाउडस्पीकरवर दुसऱ्याच शाळांची नावं ऐकतात. रडू येणारच. मी अडखळले ते तुमच्या दुसऱ्या एका वाक्याशी: "दुसरं काही वाजवलेलं मी ऐकलं नाही." तुमचा खरा प्रश्न तो आहे. हार-जीत त्यापुढे किरकोळ.

स्पर्धा चांगली की वाईट, यावर बँडवाले गेली शंभर वर्षं भांडतायत. अमेरिकेतला शाळेचा बँड आणि स्पर्धा ही जवळजवळ जुळी भावंडं आहेत. १९२३च्या जूनमध्ये शिकागोला शाळांच्या बँडची पहिली राष्ट्रीय म्हणवली गेलेली स्पर्धा झाली आणि ती भरवण्यात पुढाकार होता वाद्यं बनवणाऱ्या कारखानदारांचा! पहिलं महायुद्ध संपलेलं, गावोगावचे हौशी आणि व्यावसायिक बँड ओसरत चाललेले, कारखाने मात्र उभे. मग नवं गिऱ्हाईक कुठलं? शाळा. म्हणजे तुमच्या यजमानांना या प्रकरणात धंद्याचा वास येत असेल तर त्यांचं नाक ठीक आहे.

पण त्याच स्पर्धांनी एक काम केलं, ते कुणा मुख्याध्यापकाने आपण होऊन केलं नसतं. स्पर्धेला उतरायचं तर बँड पुरा हवा, नुसते कॉर्नेट आणि ढोल चालणार नाहीत, असा दंडक हळूहळू बसला. ओबो, बासून, फ्रेंच हॉर्न ही महागडी आणि शिकायला अवघड वाद्यं शाळांनी घेतली. आजही ट्यूबा, बासून, बॅरिटोन सॅक्सोफोन यांसारखी मोठी वाद्यं बऱ्याच ठिकाणी शाळाच मुलांना वापरायला देते. शाळा जिंकू पाहत होत्या म्हणून ही वाद्यं आली, आणि एकदा आल्यावर ती शिकवावीही लागली. तेव्हा स्पर्धेला सरसकट झोडपायला मी तयार नाही.

क्रमांकाचा जाच त्या लोकांनाही लवकरच कळला. १९३०च्या दशकात राष्ट्रीय स्पर्धांनी पहिला-दुसरा-तिसरा हा हिशेब बाजूला ठेवून श्रेणी द्यायला सुरुवात केली. टेक्सासात शाळांच्या स्पर्धा भरवणाऱ्या यूआयएल या संस्थेच्या रीजन स्पर्धेत, म्हणजे एरियाच्या आधीच्या फेरीत, आजही तेच चालतं: एक ते पाच श्रेणी, आणि पहिली श्रेणी कितीही बँडना मिळू शकते. सगळ्यांना मिळेल किंवा एकालाही मिळणार नाही. शेजारच्या शाळेचा बँड उत्तम वाजला म्हणून तुमच्या मुलीचं काही कमी होत नाही. एरियाला गेलं की मात्र नियम फिरतो. तिथे पाच परीक्षक असतात, तिघे संगीताचे आणि दोघे मार्चिंगचे. प्रत्येक जण बँडना क्रमांक देतो, त्यांची बेरीज होते आणि वरचे मोजके बँड सॅन अँटोनियोच्या अलामोडोमला स्टेटसाठी जातात. यात "दोन क्रमांकांनी हुकलं" याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो, की पाचांपैकी एखाद्याला पितळी वाद्यांचा सूर त्या वेळी थोडा चढा वाटला. जपानमध्ये तर शाळांच्या बँडच्या अखिल जपान स्पर्धेत सुवर्ण मिळूनही पुढच्या फेरीचं तिकीट न मिळणारे बँड दर वर्षी असतात. तिथली पोरंही रडतातच.

हे तुमच्या यजमानांना मी सांगायला नको. सप्टेंबर २०२२मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला होता, ते त्यांना आठवत असेल. कसोटी शेजारच्या कॉलेजाशी लावायची की एका पातळीशी, हाच तो वाद. आणि पुरुषोत्तमला उतरलेल्या माणसाला एक गोष्ट नक्की ठाऊक असते: तालमीच्या त्या दीड-दोन महिन्यांत जे घडतं त्याचं निकालाशी फार थोडं नातं असतं. त्यांना जेवणाच्या टेबलावर एकदा विचारा, त्या वर्षी तुमचा कितवा नंबर आला होता? आणि मग विचारा, प्रकाशयोजना कुणी केली होती? पैज लावते, दुसऱ्याचं उत्तर आधी येईल.

मार्चिंगच्या मोसमात मुली काय शिकतात? खरं सांगायचं तर संगीतापेक्षा बाकीचंच जास्त शिकतात. शो बहुतेक वेळा बाहेरच्या माणसाने बेतलेला असतो, पावलांचा नकाशा आणखी एखाद्याने आखलेला, आणि सुरावट बँडच्या कुवतीप्रमाणे कापूनशिवून घेतलेली. मुलांच्या वाट्याला येते ती अचूकता. दोनशे-अडीचशे जणांत आपलं पाऊल आणि आपला सूर सांभाळणं, वाऱ्यात, घामात, मागून येणाऱ्या ड्रमच्या आवाजाला न फसता. ही काही थोडी गोष्ट नाही. पण आपल्याकडे गुरुजींनी बसवून दिलेली बंदिश आलाप-तानांसकट बिनचूक म्हणणारा आणि त्याच रागातली दुसरी ओळ समोर ठेवली की गप्प होणारा मुलगा असतो ना, तसे बँड इकडे पुष्कळ सापडतात. त्यांच्या कपाटात ट्रॉफ्या मावत नाहीत.

म्हणून एखाद्या शाळेत स्पर्धा संगीताला खाते की पोसते, याची माझी परीक्षा एकच आहे, आणि ती शरदात करताच येत नाही. वसंतात येते. यूआयएलची कॉन्सर्ट आणि साइट-रीडिंगची स्पर्धा असते ना, तिकडे बघा. कॉन्सर्टमध्ये एक मार्च आणि ठरलेल्या यादीतल्या दोन रचना, तीन परीक्षकांपुढे. ते झालं की मुलं दुसऱ्या खोलीत जातात. तिथे कधीही न पाहिलेल्या रचनेच्या प्रती बंद ठेवलेल्या असतात. इशारा झाला की उघडायच्या. मुलांना समजावून सांगायला डायरेक्टरला, म्हणजे बँडच्या मास्तरांना, मोजकी मिनिटं मिळतात. त्या वेळात मुलांनी गायचं, टाळ्या वाजवायच्या, बोटं फिरवायची, पण वाद्यात फुंकर मारायची नाही. मग पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत एकदाच वाजवायचं. तिथेही परीक्षक, तिथेही एक ते पाच श्रेणी.

माझ्या मते टेक्सासच्या बँडच्या जगातली ही सर्वांत शहाणी स्पर्धा. हिची घोकंपट्टी होत नाही. बाहेरचा नकाशावाला इथे उपयोगी पडत नाही. वर्षभर रोज थोडं थोडं नवं वाचायला लावलं असेल तरच त्या खोलीत बँड उभा राहतो. गांधर्व मंडळाच्या परीक्षेत परीक्षक चार स्वर म्हणून राग ओळखायला सांगतात, तेव्हा पाठांतरवाल्यांचे जे चेहरे होतात तेच चेहरे इथेही दिसतात. मैदानावरची ट्रॉफी सगळ्यांना दिसते, फेसबुकवर चढते. या खोलीतला निकाल आईबापांपैकी क्वचित कोणी विचारतं.

आता पुढच्या सहा महिन्यांत करायचं काय.

पहिलं, मैदानावरच्या त्या फेरीत परीक्षकांनी बोलून ठेवलेल्या टिप्पण्या असतात. बँड वाजत असतानाच ते रेकॉर्डरमध्ये बोलत जातात: "इथे क्लॅरिनेट छान मिसळल्या", "हा सूर आधीच सोडला". त्या मुलांना ऐकवल्या का, हे मुलीला विचारा. बहुतेक चांगले डायरेक्टर ऐकवतात. ऐकवल्या नसतील तर तिने डायरेक्टरकडे मागाव्यात. तुम्ही नव्हे, तिने. क्रमांकाच्या आकड्यापेक्षा त्या वीसेक वाक्यांत तिच्या कामाचं जास्त निघेल.

दुसरं, तिला सोलो अँड ऑन्सॉम्बलला, म्हणजे एकट्याने किंवा छोट्या गटाने वाजवायच्या स्पर्धेला, उतरू द्या. यादीतून एक सोलो निवडायचा, पियानोच्या साथीने एका परीक्षकापुढे वाजवायचा, श्रेणी आणि लेखी शेरा घेऊन घरी यायचं. कोणाला हरवायचं नाही आणि कोणाकडून हरायचंही नाही. गाणं तिने स्वतः निवडावं, जरा झेपणार नाही असं वाटलं तरी चालेल. दोन मैत्रिणी तयार असतील तर त्रिकूट करा. तीन क्लॅरिनेटमध्ये लपायला जागा नसते, अडीचशेत असते. ऑल-रीजनची, म्हणजे विभागातल्या निवडक मुलांच्या बँडसाठीची, ऑडिशन मात्र यंदा तिच्यावर लादू नका. पडद्याआड बसलेल्या परीक्षकांपुढे, उन्हाळ्यापासून घोटलेले तेच एट्यूड (सरावाचे तुकडे), आणि शेवटी पुन्हा क्रमांक. ज्यांना त्यात मजा येते त्यांनी करावं, पण नुकतंच तोंड पोळलेल्या मुलीला लगेच तेच पाजायला नको.

तिसरं, जानेवारीपासून कान उघडे ठेवा. बँड हॉलमधून जानेवारी ते एप्रिल त्याच तीन रचना ऐकू येत असतील, म्हणजे नवं वाचन नाही, छोटे गट नाहीत, मधल्या कॉन्सर्टला वेगळा कार्यक्रम नाही, तर समजा की या शाळेत वसंतालाही शरदाची लागण झाली आहे. आणखी एक खूण सांगते, ही फार कमी लोक बघतात: शाळेतल्या सर्वांत खालच्या बँडला कोण शिकवतं? मुख्य डायरेक्टर आठवड्यातून एकदा तरी तिथे उभे राहतात का? जिथे ते राहतात तिथे मुलं शिकतात. जिथे त्यांचा सगळा वेळ पहिल्या बँडवर जातो तिथे बाकीची मुलं पहिल्या बँडसाठी फंडरेझरची चॉकलेटं विकतात. (बूस्टर क्लबच्या, म्हणजे बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या मीटिंगमध्ये हे बोलून दाखवू नका. माझं नाव तर मुळीच घेऊ नका.)

बँडचं साहित्य केवढं आहे, हे तिला मार्चिंगच्या शोमधून कळणारच नाही. खास लष्करी आणि शाळकरी बँडसाठी गेल्या सव्वाशे वर्षांत गंभीर रचना लिहिल्या गेल्या आहेत. गुस्ताव्ह होल्स्ट यांचा १९०९चा ई-फ्लॅटमधला पहिला सूट घ्या. दहाएक मिनिटांचा. सुरुवातीला ट्यूबा आणि युफोनियम एक साधी धून धरतात आणि पुढचा सगळा डोलारा तिच्यावर उभा राहतो. क्लॅरिनेटला तिथे पळायलाही मिळतं आणि गायलाही. ज्या डायरेक्टरच्या वर्षभराच्या कार्यक्रमात असं एक तरी काही असतं, त्याच्या हाताखाली मूल ठेवायला मी कचरणार नाही, मग त्याचा बँड एरियाला सातवा येवो नाहीतर सतरावा.

आता यजमानांच्या जीपीएबद्दल. ती काळजी खोटी नाही. टेक्सासच्या पहिल्या दहा टक्क्यांच्या १९९७च्या कायद्यामुळे (वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश) वर्गातल्या क्रमांकाला इथे सोन्याचा भाव आला आहे, आणि यूटी ऑस्टिनची रेघ त्याहूनही वर आहे. बऱ्याच शाळांत एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांना जादा वजन असतं, बँडला नसतं, त्यामुळे बँडमध्ये शंभर गुण मिळवूनही सरासरी खाली ओढली जाऊ शकते. तुमच्या शाळेचा नियम समुपदेशकाला विचारा, जिल्ह्याजिल्ह्यात तो वेगळा असतो. पण एक सांगते, रागावू नका: बँडमधली क्रमवारी मुलांचं नुकसान करते म्हणणारे गृहस्थ वर्गातल्या क्रमवारीसाठी बँड सोडायला सांगतायत. क्रमवारी नको असेल तर दोन्हीकडे नको म्हणा.

वेळेचं म्हणाल तर कायद्याने शाळेबाहेरच्या सरावाला आठवड्याला आठ तासांची मर्यादा आहे. पण हा आठवडा शाळेच्या शेवटच्या तासाला संपतो, म्हणून शुक्रवार रात्रीची फुटबॉल मॅच आणि शनिवारची स्पर्धा त्यात येत नाहीत. हिशेब करताना दोन्ही धरा, म्हणजे मुलगी खरोखर किती दमते ते कळेल. शिवाय १९८४पासूनचा "नो पास, नो प्ले" आहेच. सत्तरच्या खाली एक विषय गेला तरी किमान तीन आठवडे मैदान बंद. तुमच्या मुलीवर ती वेळ आलेली दिसत नाही, तेव्हा अभ्यास बुडतोय हे कारण जरा पातळच आहे.

घरातही एक करता येईल. तुमच्याकडे पेटी आहे का? मराठी घर आहे, कुणाकडून तरी मिळेलच. तिची क्लॅरिनेट बी-फ्लॅटची. तिने कागदावरच्या सी-पासून सरळ सप्तक वाजवलं की ते पेटीवर काळी पाचला बसतं. तेव्हा काळी पाच धरा आणि तुम्हाला येणारा एखादा अभंग किंवा आरती म्हणा. तिने कानाने साथ करायची, कागद नाही. पहिल्यांदा ती वैतागेल. सहावीपासून तिला कागदाशिवाय वाजवायला कुणी सांगितलंच नसेल. मींड तिला जमणार नाही, नका आग्रह धरू, ते क्लॅरिनेटवर अवघड काम आहे. पण आपल्याकडे लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले अख्खी गाणी अशीच कानाने उचलतात, हे तिला सांगा. त्यांच्या वरातीला एकही परीक्षक नसतो, आणि बेसूर वाजवलं तर नवरदेवाचे मित्र ऐकूनही घेत नाहीत.

आणि कृपा करून व्हॉट्सॲपच्या बँड पेरेंट्स ग्रुपवर पुढचे पंधरा दिवस गप्प राहा. परीक्षक कसे पक्षपाती होते यावर तिथे प्रबंध चालले असतील. मुलं आपल्या आईबापांचे फोन वाचतात.

विषयनिवडीचा फॉर्म बहुतेक शाळांत हिवाळ्याच्या सुट्टीनंतर येतो. तोवर वसंताची स्पर्धा झालेली नसेल, ही अडचण आहे. त्यावर उपाय असा की तूर्त बँड लिहून द्या आणि नंतर बदलायची शेवटची तारीख समुपदेशकाकडून आजच लिहून घ्या. मार्चिंग न करता नुसत्या कॉन्सर्ट बँडमध्ये राहता येतं का, हेही विचारा. काही शाळा देतात, काही मुळीच देत नाहीत. मार्चिंगचं सत्र बहुधा पीईच्या (शारीरिक शिक्षणाच्या) श्रेयांकात धरलं जातं, तेव्हा ते सोडलं तर पीईचं काय, ते पाहून ठेवा. आणि एप्रिलमध्ये साइट-रीडिंगच्या दिवशी घरी आल्यावर तिला फक्त एवढंच विचारा, की काय वाजवायला दिलं होतं आणि कुठे गडबड झाली. ती त्यावर दहा मिनिटं बोलली तर पुढच्या वर्षीचा बँडही लिहून टाका. "बरं झालं" म्हणून खोलीत निघून गेली, तर मला पुन्हा पत्र लिहा, आपण तिच्यासाठी शाळेबाहेरचा चांगला क्लॅरिनेटचा मास्तर शोधू.